चिठ्ठी निघाली, आता पुढं?

तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते. टेबलावर डबा, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतलं एखादं पोर उभं केलेलं. २०१२ साली आमच्या गावाची चिठ्ठी 'सर्वसाधारण महिला' निघाली, तेव्हा मी घरी ज्वारी निवडत बसले होते. मिस्टरांचा फोन आला, "उद्या दाखले गोळा करायचेत, रेशनकार्ड काढून ठेव." कशाचे दाखले, ते संध्याकाळी कळलं. तशी मी मेंबर झाले, मेंबरांनी सरपंच केलं (तेव्हा सरपंच थेट जनतेतून नव्हता), आणि पुढं २०१७ ते २०२२ जिल्हा परिषदेत होते. तालुका दुष्काळी पट्ट्यातला, गावाचं नाव राहू दे.

हे लिहायला बसले, कारण परवा एका नव्या सरपंच बाईचा फोन आला. "अक्का, भाऊसाहेब म्हणतात तुमचा डोंगल माझ्याकडंच राहू दे, तुम्हाला सारखी ये-जा नको. देऊ का?"

नाही. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, आणि डोंगलमध्ये असते सरपंचाची डिजिटल सही. त्याचं पुढं सांगते, पण आधी कागदाचं उरकून घेऊ. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य असेल तर अर्जच टिकत नाही. घरी शौचालय हवं आणि ते वापरात हवं. राखीव प्रवर्गातून उभ्या असाल तर जात वैधतेच्या मागे निवडणुकीच्या आधीपासूनच लागा. आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्या, हरलात तरी द्या. गुलाल धुऊन निघेपर्यंत ती मुदत सरते आणि पुढं अपात्रतेची नोटीस येते. माझ्या ओळखीतल्या दोघींना ती आली.

आता माझी चूक. पहिलं वर्षभर शिपाई इतिवृत्ताची वही घरी घेऊन यायचा. "वहिनी, इथं एक, इथं एक." मी चुलीपुढून उठून, हात पदराला पुसून सही करायची. सभेला मिस्टर जायचे. गावात त्यांनाच सरपंच म्हणत, मला सरपंचांची मंडळी. वर्षभरानं ऑडिटचा शेरा आला. पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती एकाच महिन्यात दोनदा दाखवलेली, आणि दोन्ही ठरावांखाली सही माझी. सूचक, अनुमोदक म्हणून ज्यांची नावं होती, ते दोघे म्हणाले की आम्हाला काही आठवत नाही. वसुलीची भाषा सुरू झाली तेव्हा मिस्टर पहिल्यांदा गप्प बसले. त्या आठवड्यात मी पंचायतीत गेले आणि म्हणाले, वही इथंच राहील, मी इथं येऊन वाचीन. माझं शिक्षण नववी. एक पान वाचायला अर्धा तास लागायचा. भाऊसाहेब पंख्याखाली बसून घड्याळ बघायचे. बघू देत म्हटलं.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. कुठल्याही सभेच्या नोटिशीत पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि शेवटचा असतो 'आयत्या वेळचे विषय'. नवी बाई या दोन्ही वेळी गाफील असते. सुरुवातीला ती पदर सावरत खुर्ची शोधत असते आणि शेवटी तिला घरच्या स्वयंपाकाची घाई असते. गडबड नेमकी तिथंच होते. गेल्या वेळी जे बोललंच गेलं नाही ते पहिल्या विषयात कायम होतं, आणि जे नोटिशीत नव्हतं ते शेवटच्या विषयात मंजूर होतं. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेतही मी हेच बघितलं, तिथं फक्त चहा बरा मिळायचा. म्हणून 'कायम' म्हणण्याआधी "थांबा, वाचून दाखवा" म्हणायला शिका. पहिल्यांदा आवाज चिरकतो. माझा चिरकला होता, आणि मागं कोणीतरी हसलंही होतं.

पंचायतीच्या नोंदवह्यांना नंबर असतात, त्यांना नमुने म्हणतात. सगळे पाठ करायची गरज नाही, तीन ओळखता आले तरी भागतं. पाच नंबर म्हणजे रोकड वही, आठ म्हणजे घरपट्टीची आकारणी, नऊ म्हणजे कराची मागणी. गावात कुणाचं पक्कं घर कागदावर कच्चं आहे ते आठ नंबर सांगतो. तो एकदा वाचला की गावच्या राजकारणाचे निम्मे धागे हातात येतात.

आता डोंगल. आमच्या वेळी चेकबुक होतं. आता वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन निघतात, सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात आणि तुमची सही त्या बोटभर डोंगलमध्ये असते. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, गाव मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेब चांगले असतील, देव त्यांचं भलं करो, पण डोंगल तुमच्या डब्यात ठेवा आणि पासवर्ड कुणाच्या वहीत लिहू नका. पंधराव्या वित्त आयोगात साठ टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि चाळीस टक्के अबंधित. "ताई, नियमात बसत नाही" असं ऐकलं की विचारायचं, कुठल्या निधीच्या? बऱ्याचदा उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी बोलावतात.

महिलांची ग्रामसभा मुख्य ग्रामसभेआधी घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. आम्ही ती देवळाच्या ओट्यावर दुपारी तीनला घ्यायचो, कारण तेवढीच वेळ बायांना रिकामी. पहिल्या सभेला अकरा जणी आल्या, त्यातल्या चार माझ्या भावकीतल्या. विषय एकच निघाला, पाणी.

तोच माझा विषय झाला, आणि तो मी ठरवून धरला नव्हता. जिल्हा परिषदेत गेले तेव्हा मला महिला व बालकल्याण समिती दिली. नव्या बाईला तीच देतात, जशी सुनेला भांडी. समिती वाईट नाही, स्वनिधीतला दहा टक्के वाटा त्या कामाला असतो, पण माझ्या काळात चर्चा शिलाई मशीन कुणाच्या गटात, म्हणजे मतदारसंघात, किती, यापलीकडं क्वचित गेली. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी बांधकाम, अर्थ, जलव्यवस्थापन मागावं. मिळणार नाही कदाचित. मागितल्याची नोंद तरी होईल.

२०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि पुढचा उन्हाळा मी टँकरमागे काढला. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समिती, संयुक्त पाहणी, मग मंजुरी. माणशी दिवसाला वीस लिटर हा हिशेब, जनावरांचं वेगळं. खेपांच्या नोंदवहीवर गावातल्या बाईची सही घ्या, असा मी आग्रह धरला. टँकर कधी येतो आणि किती भरलेला येतो ते तिच्याइतकं कोणाला माहीत? कागदावर तीन खेपा असलेल्या एका वाडीवर प्रत्यक्षात दोनच होत होत्या. त्या नोंदवहीमुळे मला शिव्या मिळाल्या आणि शेजारच्या तीन गटांत ओळखही मिळाली.

ही ओळख का लागते ते सांगते. आरक्षण चक्रानुक्रमे फिरतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण तुमची जागा तुमची नाही. पाच वर्षं राबाल आणि पुढच्या सोडतीत गट दुसऱ्याच प्रवर्गाला जाईल. मग पक्षाचे लोक म्हणतात, वहिनी, तुम्ही थांबा आता. त्यावर वेगळीच थट्टा म्हणजे २०२२ मध्ये आमची मुदत संपली आणि परिषदेवर प्रशासक बसला, निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. कितीतरी बाया या मधल्या काळात घरात विरघळून गेल्या.

मला इथं मृणालताई गोरे आठवतात. डॉक्टरकी अर्धी सोडलेली बाई, गोरेगावात पाण्यासाठी भांडून १९६१ ला मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ ला विधानसभेत, आणीबाणीत तुरुंगात, १९७७ ला लोकसभेत. 'पाणीवाली बाई दिल्लीत' ही घोषणा आमच्या आत्याच्या तोंडी असायची. यातली एकही जागा त्यांना महिला राखीव म्हणून मिळाली नव्हती. मतदारसंघ बदलले, सभागृहं बदलली, बाई मात्र लोकांना पाण्यानंच ओळखू आली. याउलट गोव्याच्या शशिकलाताई काकोडकर. वडील, तिथले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९७३ मध्ये गेले आणि त्या मुख्यमंत्री झाल्या. वारशानं आल्या म्हणून कुणी हिणवलं तरी कुळांना जमिनीची मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती त्यांच्याच काळातली. १९७९ मध्ये त्यांचं सरकार पडलं ते स्वतःच्या पक्षातले आमदार फुटल्यानं. नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावानं दार उघडलं तर लाजू नका. आत गेल्यावर मात्र कोण कुणाला फोन करतो, ते बघत राहा.

विधानसभेचं स्वप्न असेल तर आकडा माहीत असू द्या. २०१९ मध्ये २८८ पैकी २४ बाया निवडून आल्या. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली. तिकीट देताना खर्च किती कराल, हे आधी विचारतात. मलाही विचारलं. मी खरा आकडा सांगितला आणि बैठक चहावर संपली.

पैशाचं उघड बोलू. सरपंचाचं मानधन २०२४ मध्ये दुप्पट झालं, तरी दोन हजारांच्या आतल्या गावात ते महिना सहा हजार. तालुक्याच्या फेऱ्या, लग्नातला आहेर, दवाखान्यात नेलेला पेशंट, सगळं त्यातच. मी दोन म्हशी ठेवल्या होत्या आणि दुधाचा पैसा माझ्या खात्यावर येत होता, म्हणून कुणापुढं हात पसरावा लागला नाही. आधी हे बघा, मग गाडी आणि पांढरी साडी.

परवाच्या सोडतीत आमचा गट दुसऱ्या प्रवर्गाला गेला. मिस्टर म्हणाले, सुटलो. सोमवारी सकाळी मला पंचायत समितीत जायचं होतं, त्या नव्या सरपंच बाईला घेऊन, तिच्या वाडीच्या खेपांची नोंदवही बघायला. डबा तिनं आणला होता, माझ्यासाठी पण. डोंगल कुठाय विचारलं तर तिनं पर्स उघडून दाखवला, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला.