ॲजाइलचं कोणतं सर्टिफिकेशन करावं? भाच्यासोबतचे दोन रविवार

दिवाळी झाल्यावर एका रविवारी भाचा वाळूजहून माझ्याकडे संभाजीनगरला सिडकोत आला. हातात वही आणि वहीत चार नावं: सीएसएम, पीएसएम, पीएमपी, सेफ. सगळी ॲजाइलची, म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायच्या पद्धतीची, किंवा प्रोजेक्ट चालवायची सर्टिफिकेटं. "मावशी, यातलं कोणतं करू? जो तो वेगळंच सांगायलाय." वय २९, मेकॅनिकलचा डिप्लोमा, दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एका व्हेंडरकडे सहा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला. कंपनीनं ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायला घेतलं, याला त्या टीममध्ये घातलं, आणि तिथून त्याला सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या कामाची गोडी लागली.

मी मूळची परभणीची. टेस्टर म्हणून पुण्यात लागले, पुढं स्क्रम मास्टर झाले (स्क्रम ही ॲजाइलचीच एक पद्धत, आणि ती टीममध्ये नीट चालते का ते बघणारा तो स्क्रम मास्टर), आता इथं घरी बसून पुण्यातल्या तीन टीमचं काम बघते. लातूर, नांदेड, हिंगोलीकडून अशा प्रश्नांचे फोन मला सारखे येतात, आणि बहुतेक वेळा पोरांनी कुठल्यातरी क्लासचे पैसे आधीच भरलेले असतात. चाळीस हजार रुपये म्हणजे आपल्याकडं कुणाच्यातरी घरची सोयाबीनची पट्टी असते. म्हणून त्या दोन रविवारी आम्ही दोघांनी काय केलं ते सगळं लिहिते.

पहिल्या रविवारी मी त्याला एकच विचारलं, हे सर्टिफिकेट बघणार कोण? आत्ताचा साहेब, पुण्यातला एचआर, की परदेशातला क्लायंट? त्याला सांगता येईना. मग नोकरीच्या साइटवर बसलो. त्याला येत्या दोन वर्षांत मिळू शकेल अशाच कामाच्या तीस जाहिराती काढल्या: ज्युनियर स्क्रम मास्टर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, ईआरपी इम्प्लिमेंटेशन. दहा वर्षं अनुभव मागणाऱ्या सोडून दिल्या. प्रत्येक जाहिरातीत कोणतं सर्टिफिकेट मागितलंय त्याच्या रेघा वहीत ओढल्या. तासाभराचं काम आहे, पण यात जे कळतं ते कुठल्याही क्लासवाल्याच्या फोनवर कळत नाही. त्याच्या वहीत स्क्रमचं "सीएसएम किंवा पीएसएम" असं जोडीनं आलेलं जास्त होतं, पीएमपी वरच्या पदांना होतं, आणि बऱ्याच जाहिरातींत काहीच मागितलं नव्हतं. ती शेवटची रांग नीट मोजायला मी त्याला लावली. तिथं आधी अनुभव विचारतात.

पैसे भरायच्या आधी एक फुकटची गोष्ट करायची: स्क्रमचे नियम ज्यात आहेत ते स्क्रम गाइड वाचायचं. स्क्रम तयार करणारे केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते पहिल्यांदा २०१० मध्ये काढलं, सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची. पंधरा पानंसुद्धा नाहीत. ते तीनदा वाचूनही कंटाळा आला नाही तर पुढं जायचं. भाच्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे तर कारखान्यातलंच वाटतंय." बरोबर वाटलं त्याला. 'स्क्रम' हा रग्बीतला शब्द उत्पादनाच्या कामाला लावला तो १९८६ मध्ये, ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी, होंडा, कॅनन अशा कंपन्या नवं उत्पादन कसं तयार करतात ते पाहून. सॉफ्टवेअरमध्ये तो नंतर आला. कानबान, म्हणजे कार्डं लावून काम पुढं सरकवायची पद्धत, तर टोयोटाचंच, तिथले इंजिनियर ताइची ओनो यांच्या काळातलं, आणि वाळूजच्या शॉपफ्लोअरवर बिनला लावलेलं कार्ड याच्या रोजच्या बघण्यातलं. शॉपफ्लोअरवरून येणाऱ्या पोरांनी स्वतःला मागे समजायचं कारण नाही. पुण्यात मी असे कितीतरी इंजिनियर पाहिलेत ज्यांना टीमच्या बोर्डावर 'काम चालू'च्या रकान्यात एका वेळी किती कामं याची मर्यादा का घालायची हे समजवावं लागतं. भाच्याला ते समजवावं लागलं नाही.

आता स्क्रमची दोन मुख्य सर्टिफिकेटं.

सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) स्क्रम अलायन्स ही संस्था देते. त्यांच्या मान्यताप्राप्त ट्रेनरचा वर्ग केल्याशिवाय परीक्षा देता येत नाही. परीक्षा ५० प्रश्नांची, तासाभराची, ३७ बरोबर आले की पास. वर्ग नीट केला असेल तर ती अवघड नाही. तुम्ही पैसे देता ते खरं तर वर्गाचे. म्हणून ट्रेनर कोण आहे हे बघूनच वर्ग घ्यायचा, आणि त्याचं नाव स्क्रम अलायन्सच्या साइटवर आहे का ते तपासायचं. शिवाय दर दोन वर्षांनी २० शिक्षण-तास दाखवून १०० डॉलर भरून ते चालू ठेवावं लागतं. मी २०१४ ला पुण्यात सीएसएम केलं. पुढं बाळंतपणात नूतनीकरणाची तारीख निघून गेली. नेमकं तेव्हाच एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली होती. त्यांनी साइटवर नाव टाकून पाहिलं आणि मुदत संपलेली दिसली. ते काम गेलं. तेव्हापासून मी कुणालाही पहिल्या वर्षाचा खर्च सांगतच नाही, पाच वर्षांचा मांडायला लावते.

पीएसएम-१ (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पातळी) स्क्रम डॉट ऑर्गचं. ही संस्था श्वाबर यांनीच २००९ मध्ये सुरू केली. इथं वर्गाची सक्ती नाही, परीक्षेची फी साधारण २०० डॉलर, आणि एकदा मिळालं की मुदत संपत नाही. पाच वर्षांचा हिशेब मांडला की हे फार स्वस्त पडतं. पण परीक्षा कडक आहे: ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के. म्हणजे ६८ बरोबर पाहिजेत आणि एका प्रश्नाला पाऊण मिनिट.

इथं मी पहिल्यांदा नापास झाले. ८० पैकी ६५. सात वर्षं काम केलेलं, तरी. कारण प्रत्येक उत्तर मी आमच्या कंपनीच्या सवयीनं दिलं. आमच्याकडं स्क्रम मास्टर कामं वाटून द्यायचा. गाइडमध्ये काम कोण कसं करणार हे डेव्हलपर ठरवतात. आमच्याकडं डेली, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, ही मॅनेजरला हजेरी. गाइडमध्ये ती डेव्हलपरांची स्वतःची पंधरा मिनिटं. आमचा सगळा जीव स्टोरी पॉइंटात (काम किती मोठं याला द्यायचा आकडा), आणि गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली गरज) हासुद्धा नाही. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, मध्येच रद्द करायची तर अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे काय बनवायचं आणि आधी काय हे ठरवणाऱ्याचा. मी 'सगळ्यांनी मिळून' यावर खूण केली होती. अनुभवी माणसांनी ही परीक्षा देताना आपली कंपनी बाजूला ठेवून वाचायचं. भाच्याला तो त्रास नाही, त्याची पाटी कोरी आहे.

तयारीला त्यांच्याच साइटवर 'स्क्रम ओपन' ही फुकट चाचणी आहे, ३० प्रश्नांची. ती लागोपाठ काही दिवस शंभर टक्के यायला लागेपर्यंत परीक्षेचे पैसे भरायचे नाहीत. लातूरला बारावीचे पेपर सोडवून सोडवून हात बसतो ना, तसंच. पण प्रत्येक चुकलेल्या उत्तरासमोर गाइडमधलं वाक्य वहीत उतरवायचं, नाहीतर नुसतं पाठांतर होतं. आणि परीक्षा घरून असते, घड्याळ थांबत नाही. आपल्याकडची लाइट धरून वेळ निवडा: सकाळी लवकर, इन्व्हर्टर चार्ज, शेजारी मोबाइलचा हॉटस्पॉट तयार.

मग सीएसएम कुणी करावं? ज्याला इंग्रजीत बोलायची, चारचौघांत प्रश्न विचारायची सवय नाही त्यानं. चांगल्या ट्रेनरच्या वर्गात दोन दिवस गटात काम करून जे धैर्य येतं ते वाचून येत नाही. कंपनी पैसे देत असेल तर मी स्वतः सीएसएमच म्हणेन. पैसे खिशातले असतील तर पीएसएम.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) ही वेगळी गोष्ट. ते पीएमआय ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची संस्था देते, आणि तो नुसत्या ॲजाइलचा कागद नाही. मात्र २०२१ पासून परीक्षेतला निम्म्याच्या आसपास भाग ॲजाइल आणि मिश्र पद्धतीचा असतो. १८० प्रश्न, जवळपास चार तास. अर्जालाच अट आहे: पदवी असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव, नुसती बारावी असेल तर ६० महिने, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. भाचा म्हणाला, "माझी सहा वर्षं आहेत की." मी विचारलं, प्रोजेक्ट किती? रोजचं प्रॉडक्शन प्लॅनिंग हे चालू काम आहे, त्याला सुरुवात आणि शेवट नाही, ते धरत नाहीत. ईआरपीचं काम धरतील, नवी लाइन बसवली ते धरतील. महिने मोजले तर चौदा भरले. खोटे महिने लिहू नका. काही अर्ज ते तपासणीला काढतात आणि तेव्हा त्या वेळच्या साहेबाची सही लागते. तोपर्यंत पीएमआयचंच कॅपम हे सुरुवातीचं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना मी ते सांगते.

सेफ, म्हणजे बऱ्याच टीमना एकत्र ॲजाइल चालवायची चौकट, मोठ्या कंपन्यांत, जिथं दहा-बारा टीम एकाच वस्तूवर राबतात, तिथं कामाचं. दरवर्षी फी भरून चालू ठेवावं लागतं. कंपनीनं पाठवलं तर जा, स्वतःच्या पैशानं पहिलं म्हणून करू नका. पीएमआयचंच ॲजाइलचं सर्टिफिकेट, पीएमआय-एसीपी, चांगलं आहे, पण अनुभव झाल्यावर.

कुणी फोन करून 'पास गॅरंटी' म्हटलं तर फोन ठेवा. 'परीक्षा आमचा माणूस देईल' म्हणणारेही भेटतात, आणि त्यांना आपल्या भागातली पोरं जास्त बळी पडतात, कारण विचारायला जवळ कुणी नसतं. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट जातं, आणि नाही पकडलं तर कामाच्या पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं. मला विचारा, मी फुकट सांगेन. आणि ऑनलाइन कोर्सच्या शेवटी मिळतो तो कागद कोर्स पूर्ण केल्याचा असतो, तो बायोडेटावर पीएसएम म्हणून लिहायचा नाही.

भाच्याचं पीएसएम ठरलं. दुसऱ्या रविवारी पैसे कसे भरायचे ते बघून ठेवायला बसलो आणि कळलं की त्याचं कार्ड चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात. डॉलरच्या भावावर बँक आपलंही काही लावते, तेही धरा. काम झालं की व्यवहार पुन्हा बंद करा.

खातं उघडताना त्याचा हात नावाच्या रकान्यावर थांबला. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. पीएमपीसारख्या परीक्षेला दारात ओळखपत्र बघतात आणि खात्यातलं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. माझं लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर नव्हतं, म्हणून माझी तारीख एकदा पुढं गेली होती. पुढं पीएमपी द्यायचीय तर आत्तापासून सगळीकडं एकच नाव लाव, असं मी त्याला सांगितलं. त्यानं त्या दिवशी पीएसएमचं खातं उघडलं नाही. आधी पासपोर्टचा अर्ज भरला, आणि त्यावर जसं नाव येईल तसंच इथं लिहायचं म्हणून वहीत पहिल्या पानावर नोंद करून वाळूजच्या बसला गेला.