लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय आणि आता ठोके बिघडलेत? डॉक्टरांकडे जायच्या आधी हे करा

माझ्या धाकट्या बहिणीचं टेट्रालॉजी या हार्टच्या जन्मजात दोषाचं ऑपरेशन ती पाच वर्षांची असताना झालं, नंतर सगळं नीट होतं, आणि बत्तिसाव्या वर्षी डिचोलीच्या बाजारात भाजी घेताना छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना, तिथेच एका पायरीवर बसली. त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही जे शिकलो ते लिहितोय, ज्यांच्या घरात असं कोण आहे त्यांच्यासाठी.

आधी जुनी ऑपरेशन नोट शोधा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोट, ज्यात कुठे चिरलं आणि कुठे पॅच लावला ते लिहिलेलं असतं. कारण या पेशंटचे ठोके बहुतेक वेळा त्या जुन्या शिवणीमुळेच बिघडतात, हार्टमधला करंट सरळ जायचा तो व्रणाला वळसा घालून गोल गोल फिरत राहतो. आमची फाईल पत्र्याच्या ट्रंकेत होती, इतक्या पावसाळ्यांच्या दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलेली, बुरशी आलेली. आईने सुरीच्या पात्याने एकेक पान सोडवलं, पंख्याखाली वाळवलं आणि मी मोबाईलवर फोटो काढले. जिथे ऑपरेशन झालं त्यांच्याकडे तर कागदच शिल्लक नव्हते, त्यामुळे ती तीन पानंच कामाला आली.

दुसरं, धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या, जवळचं हेल्थ सेंटर असलं तरी चालेल, कारण थांबल्यावर काढलेला अगदी साधा दिसू शकतो. चक्कर आली, शुद्ध हरपली तर स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा.

आता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा बाहेर मोठ्या डॉक्टरांसमोर बसल्यावर "ऑपरेशन सक्सेसफुल होईल ना?" एवढंच विचारून उठू नका. ठोके वरच्या कप्प्यातून बिघडतात की खालच्या, हे विचारा. ईसीजीत क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत करंट पसरतानाची टोकदार रेघ) किती रुंद आहे विचारा, टेट्रालॉजीवाल्यांत तो 180 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असेल तर खालच्या कप्प्याच्या धोकादायक ठोक्यांची भीती वाढते. नुसत्या कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) अब्लेशन, म्हणजे करंटची ती चुकीची वाट बंद करणं, होईल की छाती उघडावी लागेल? व्हॉल्व बदलायचाच असेल तर ठोक्यांचं काम त्याच ऑपरेशनात होतं का? आणि हा प्रश्न आम्हाला फार उशिरा कळला: व्हॉल्व बसवायच्या आधी मॅपिंग, म्हणजे करंट कुठून फिरतो ते शोधणं, करायचं का? कारण नवीन व्हॉल्व बसला की करंटची ती वाट त्याच्याखाली झाकली जाऊ शकते आणि मग कॅथेटर तिथे पोचत नाही.

1968 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. विल सीली यांनी एका मासेमाराच्या हार्टमधली जन्मजात जादा वाट कापली आणि त्याचे ठोके बरे झाले. वाचल्यावर मला आपले रापणकारच डोळ्यासमोर आले. पण ती एकच वाट होती, कापली की संपली. व्रणाचं तसं नाही, आज एक वाट बंद केली तर काही वर्षांनी दुसरी उघडू शकते. म्हणून रिझल्ट विचारताना किती वर्षांनंतरचा, औषधं चालू असताना की बंद केल्यावर, किती जणांना पेसमेकर लागला, असं सुटं सुटं विचारा. उशिरा बंद केलेलं एएसडीचं (वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं) भोक आणि फोंटान (खालचा एकच कप्पा नीट काम करतो त्यांचं ऑपरेशन) यांचे रिझल्ट एका तराजूत घालू नका, फोंटानवाल्यांत ठोके परत बिघडायची शक्यता बरीच जास्त. वरच्या कप्प्याचं मेझ ऑपरेशन (करंटच्या चुकीच्या वाटा अडवायला मुद्दाम व्रणाच्या रेघा करतात ते) झालं असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली धडधड सहसा अपयश धरत नाहीत, हार्ट सुजलेलं असतं, पण डॉक्टरांना कळवायचं मात्र लगेच.

दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) रिन्यू आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते अॅडमिट व्हायच्या आधीच बघा.

अॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) सुरू झाली असेल तर तांबडी भाजी सोडायची गरज नाही, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीचा आकडा) वरखाली होतो. लग्न झालेल्या मुलींनी बाळाचा विचार असेल तर या गोळीबद्दल आधीच बोलायचं, दिवस गेल्यावर नव्हे. नवीन व्हॉल्व असेल तर दात काढायच्या आधी डेंटिस्टला सांगायचं.

बहीण आता रोज सकाळी उठल्यावर मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते, पुढच्या तपासणीला ते पान फाडून बरोबर नेतो.