रीमास्टर खरंच चांगलं आहे की नुसतं मोठं?

जुन्या अल्बमचं रीमास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती, लावलं की पहिल्या झटक्यात ते सरस वाटतं, कारण बऱ्याचदा ते मूळ आवृत्तीपेक्षा मोठ्या आवाजात वाजतं आणि मोठा आवाज कानाला गोड लागतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची जुनी सीडी आणि २०११चं रीमास्टर ऐकताना मी हे करतो:

१. ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणं), इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमी-जास्त करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) बंद. क्रॉसफेड तर आधी बंद करा. या अल्बमची गाणी एकमेकांत मिसळूनच रेकॉर्ड केलेली आहेत, त्यात ॲपची ढवळाढवळ नको.

२. अल्बममधल्या 'मनी' या गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्हींत वाजवा. मोबाइलवरचं आवाज मोजणारं फुकट ॲप उघडा, फोन स्पीकरसमोर एकाच जागी ठेवा आणि दोन्हींचा सरासरी आकडा जुळेपर्यंत आवाज कमी-जास्त करा.

३. आता ऐका. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट आहे, त्यामागून बेस गिटार येते. बेसची प्रत्येक टिचकी सुटी ऐकू येते का? ड्रम्सचा ठोका तितकाच उसळतो का, की दबून सपाट झालाय? माझ्या मते खरा निकाल ड्रम्सवरच लागतो.

सांभाळा: अल्बमच्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके अगदी हळू आहेत. ते ऐकू यावेत म्हणून हेडफोनचा आवाज वाढवू नका, पुढे 'टाइम' या गाण्यातली सगळी घड्याळं एकदम कानात वाजतात.