विकसनशील देशांत गुंतवणूक करताना आधी चलन तपासा

‘अमुक देशाची अर्थव्यवस्था सात टक्क्यांनी वाढतेय, पैसे घाला,’ हा सल्ला अर्धवट आहे. देश वाढतो म्हणून भागधारकाला नफा होतोच असं नाही. चीनच्या शांघाय शेअर बाजाराचा कंपोझिट निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,००० च्या वर गेला होता. पुढच्या पंधरा वर्षांत चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये चौपटीहून मोठी झाली, निर्देशांक मात्र त्या उंचीवर एकदाही परतला नाही. २००७ मध्ये भाव अवाच्या सवा चढलेले होते, आणि नंतर नवे शेअर सतत बाजारात येत राहिले.

तरीही संधी खरी आहे. कामाच्या वयाचे लोक वाढतायत, शहरं वाढतायत, नव्याने कमावणारी कुटुंबं खर्च करू लागली आहेत. म्हणून मी या बाजारांत पैसे घालतो, पण क्रमाने.

१. सात-आठ वर्षं लागणार नाही एवढाच पैसा बाजूला काढा.

२. एकाच देशावर डाव लावू नका, अनेक देशांचा इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या शेअरमध्ये त्याच प्रमाणात पैसे घालणारा फंड) घ्या. घेण्याआधी देशनिहाय वाटा वाचा. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीच्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकात चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया हे चौघेच निम्म्याहून जास्त जागा व्यापतात.

३. आता चलन. मला सगळ्यात उशिरा कळलेली पायरी हीच, आणि बहुतेक लेख ती एका ओळीत उरकतात. गणित असं: तिथला बाजार २० टक्के चढला आणि तिथलं चलन तुमच्या चलनापुढे २५ टक्के पडलं, तर १०० चे ९० होतात. बाजाराचा अंदाज अचूक ठरूनही तोटा.

‘चलन कित्येक वर्षं स्थिर आहे’ हे वाक्य ऐकलं की मी जास्त सावध होतो. थायलंडचा बात वर्षानुवर्षं डॉलरला २५ च्या आसपास बांधून ठेवलेला होता. १९९६ मध्ये चालू खात्यावरची तूट (आयात वगैरेंसाठी बाहेर जाणारा पैसा निर्यात वगैरेंतून येणाऱ्यापेक्षा जेवढा जास्त, तेवढी) जीडीपीच्या सुमारे ८ टक्के होती. २ जुलै १९९७ ला बात मोकळा सोडावा लागला आणि जानेवारी १९९८ मध्ये डॉलरने पन्नाशी ओलांडली. मार्च २०२४ मध्ये इजिप्तचा पौंड एकाच दिवसात डॉलरला ३१ वरून ५० च्या घरात गेला. काळ्या बाजारात डॉलर कित्येक महिने आधीपासूनच महाग होता.

म्हणून तीन गोष्टी तपासा. चालू खात्यावर मोठी तूट आहे का, आणि ती कारखान्यांत आलेल्या परकीय पैशाने भरून निघते की अल्पमुदतीच्या कर्जाने? वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाला देशाकडची परकीय चलनाची गंगाजळी पुरेल का? अधिकृत दर आणि काळ्या बाजारातला दर यांत फरक आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर मी तिथे पैसे घालत नाही, मग शेअर कितीही स्वस्त दिसोत. आणि पंधरा-वीस टक्के व्याजाच्या रोख्यांना भुलू नका. चलन घसरेल या भीतीची ती किंमत असते. हेजिंगने, म्हणजे चलनाचा दर आधीच ठरवून घेणाऱ्या करारांनी, ही भीती फुकट जात नाही. दोन देशांच्या व्याजदरात जेवढा फरक असतो, साधारण तेवढा पैसा तुमच्या खिशातून जातो.

४. पैसा बाहेर काढता येईल का, ते आधीच बघा. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा वर्षभर देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. मार्च २०२२ मध्ये एमएससीआयने रशियाचे शेअर जवळपास शून्य किमतीला निर्देशांकातून काढले. परदेशी गुंतवणूकदारांना ते विकताच येत नव्हते. या धोक्यावर हेजिंगचा उपाय नाही. एका देशात किती पैसा ठेवायचा याची मर्यादा तेवढी आपल्या हातात असते.

५. हप्त्याहप्त्याने घ्या. वर्षातून एकदा वाटा तपासा, आणि ठरवलेल्या मर्यादेवर गेलेला भाग विका, विशेषतः तो देश सगळ्यांच्या तोंडी असेल तेव्हा.