परसात शहाबादी फरशी स्वतः बसवायची तर

काम दिवाळीनंतर काढा. माती वाळलेली असते आणि सिमेंट-वाळूचा माल भराभर सुकवणारं ऊन अजून लांब असतं. फरशी खरखरीत मागा, पॉलिशची नको. पावसात तिच्यावरून माणूस सरळ आडवा होतो. जाडी दीड इंच. पातळ फरशी स्वस्त पडते आणि पहिली जड कुंडी टेकवताच तडकते.

आठ इंच खणा. काळी माती लागली तर आणखी खोल जा, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. मग चार इंच मुरूम, दोन थरांत, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकलेला.

आता ढाळ. सगळं काम इथेच बिघडतं. ‘अर्धा इंच पुरे, पाणी आपली वाट काढतं’ असं मला एका जाणत्या मिस्त्रीने सांगितलं होतं. पाण्याने वाट काढली, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. चूक माझीही होती. लेव्हलच्या नळीत अंगठ्याएवढा बुडबुडा राहिला होता आणि त्या बुडबुड्याने अर्धा इंच तर खाल्लाच, वर ढाळ उलटा केला. जूनमध्ये बावीस फरश्या पहारीने उचकटल्या.

तेव्हापासून माझा हिशोब एकच: दहा फुटांना दोन इंच. शहाबादी मुळात उंचसखल असते, त्याहून कमी ढाळात डबकी साचणारच. भिंतीलगत दोन खुंट्या ठोका आणि फरशीचा माथा जिथे यायचा तिथे खूण करा. ती जोत्यापासून सहा इंच तरी खाली हवी. पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते पाहा. येत नसेल तर बुडबुडा आहे, नळी झटका. मग तीच पातळी समोरच्या खुंट्यांवर घ्या, तिथून दर दहा फुटांना दोन इंच या हिशोबाने खाली दुसरी खूण करा आणि दोरी या खालच्या खुणेला बांधा. वरची खूण लगेच पुसा. मी एकदा पुसली नव्हती, पुढचं सांगत नाही.

मुरूमच या ढाळात ठोकायचा. माल कुठे जाड, कुठे पातळ थापून ढाळ काढणारे पुष्कळ आहेत. त्यांची फरशी दोन वर्षांत डुगडुगते. पाण्याचा रोख घरापासून दूर, आमच्याकडे तो अळवाच्या वाफ्याकडे आहे.

माल एकास सहा (सिमेंट एक, वाळू सहा), दोन इंच, पूर्ण पसरलेला. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक गोळा ठेवून फरशी टेकवणं ही फसवणूक आहे. फरशी ओली करा, खालून सिमेंटचं पाणी फासा, रबरी हातोड्याने दोरीला बसवा. ठोकल्यावर भदभद वाजली तर उचला, माल भरा, परत बसवा. पहिल्या तीन रांगा झाल्या की थांबा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडून तांब्याभर पाणी ओता. ते वळलं किंवा अडलं, तर तीनच रांगा उचलायच्या आहेत.

दरजा अर्ध्या इंचाच्या, एकास तीन मालाने दाबून भरा. सात दिवस ओलं गोणपाट. पहिले दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, हे घरच्यांना सांगता येतं. आमच्या एका दरजेत बोक्याची तीन पावलं अजून आहेत.