हवेवर थंड होणारी टिग टॉर्च : जोडताना आणि वापरताना या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणीच खारे असल्यामुळे लोखंडी पाइप, टाक्या आणि जाळ्या लवकर गंजतात, आणि त्यामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतील फॅब्रिकेशनच्या दुकानांकडे स्टेनलेस स्टीलच्या कामाची मागणी वाढत गेली आहे. त्या कामाबरोबर आपल्याकडे ‘आर्गन वेल्डिंग’ या नावाने ओळखले जाणारे टिग वेल्डिंगही आले; यात हातात धरायच्या टॉर्चमधील टंगस्टनच्या कांडीच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची प्रखर ज्योत, पेटतो आणि आर्गॉन वायू वेल्डिंगच्या टाक्याला हवेपासून वाचवतो. बहुतेक दुकानांत एका फेजवर चालणारे इन्व्हर्टर मशीन असते आणि त्याला पाण्याची सोय नसलेली, हवेवर थंड होणारी टॉर्च जोडलेली असते. काम बिघडले की पहिला संशय मशीनवर येतो आणि दुसरा सिलिंडरवर. माझा अनुभव मात्र असा आहे की दोष बहुतेक वेळा टॉर्चच्या लहानशा भागांत किंवा ती वापरण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो शोधण्याआधीच मशीन दुरुस्तीसाठी अमरावतीला रवाना झालेले असते.

ही टॉर्च थंड कशी राहते, हे समजून न घेणे ही मूळ चूक आहे. पाण्यावरच्या टॉर्चमध्ये वाहते पाणी उष्णता सतत बाहेर नेते. हवेवरच्या टॉर्चमध्ये हे काम नळीतून येणारा आर्गॉन आणि हँडलभोवतीची हवा एवढीच करतात. अनेक टॉर्चमध्ये तर तांब्याची तार गॅसच्या नळीतूनच नेलेली असते, म्हणजे तारेला थंड ठेवणाराही तोच गॅस असतो. त्यामुळे या टॉर्चला विश्रांती देणे हा तिच्या रचनेचाच भाग आहे.

बाजारात डब्ल्यूपी-९, डब्ल्यूपी-१७ आणि डब्ल्यूपी-२६ हे तीन आकार जास्त मिळतात आणि त्यांची क्षमता साधारणपणे अनुक्रमे १२५, १५० आणि २०० अँपिअर सांगितली जाते. हा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी ड्युटी सायकलची टक्केवारी असते, आणि एकाच आकाराच्या टॉर्चवर एक उत्पादक ३५ टक्के तर दुसरा ६० टक्के लिहितो. ६० टक्के म्हणजे दर १० मिनिटांत ६ मिनिटे आर्क आणि ४ मिनिटे विश्रांती. ३५ टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटे आर्क. अॅल्युमिनियमसाठी एसी करंट वापरला, तर त्याच टॉर्चची मर्यादा आणखी खाली येते.

मी स्वतः हे नुकसान सोसून शिकलो. एका विक्रेत्याने २०० अँपिअरची म्हणून दिलेली टॉर्च प्रत्यक्षात १७ आकाराची होती, आणि मीही टॉर्चच्या डोक्यावरचा क्रमांक न पाहता ती घेतली. मे महिन्यात एका टाकीची लांब शिवण १४० अँपिअरवर जवळजवळ न थांबता भरत असताना हँडल मऊ पडले आणि हँडलच्या आत नळीचा जोड सुटला. त्या वेळी टॉर्च धरलेल्या मुलाच्या हातात चामड्याचे हातमोजे होते, म्हणून तो भाजला नाही. त्याला काहीच झाले नाही. तेव्हापासून मी टॉर्च विकत घेताना डोक्याचा आकार मोजतो, क्रमांक वाचतो आणि मगच पैसे देतो.

येथे आपल्या हवामानाचा विचार करावाच लागतो. वेल्डिंग मशीनचे ड्युटी सायकल साधारणतः ४० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून ठरवलेले असते. अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या वर जाते आणि टिनाच्या छपराखाली ते त्याहूनही अधिक असते. मशीनवर आणि टॉर्चवर छापलेले आकडे त्या दुपारसाठी नाहीत. उन्हाळ्यात १७ आकाराची टॉर्च मी ११० अँपिअरच्या वर सलग चालवू देत नाही, जाड काम सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान उरकतो, आणि हातमोज्यातून हँडल गरम लागू लागले की काम थांबवतो. टॉर्च थंड व्हावी म्हणून तिचे डोके पाण्यात बुडवणे ही अत्यंत घातक सवय आहे. टॉर्चच्या तोंडाशी असलेले, गॅस सोडणारे तापलेले सिरॅमिक नोझल तडकते, आत ओल शिरते आणि विजेचा धोका निर्माण होतो.

उन्हाळ्यातील दुसरी चूक म्हणजे कूलरचा झोत थेट कामावर सोडणे. आर्गॉन हवेपेक्षा जड असला तरी नोझलमधून तो अगदी हळुवारपणे बाहेर पडतो, आणि कूलरचा वारा ते आवरण क्षणात उडवून लावतो; टाका काळा पडतो, त्यात छिद्रे येतात आणि कारागीर गॅस वाढवत राहतो. माणसाला वारा हवाच, हे मला मान्य आहे, पण कूलर पाठीमागे ठेवावा आणि काम व वारा यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा उभा करावा. उघड्या अंगणात काम असेल तर आडोसा तीन बाजूंनी लागतो.

गॅसच्या बाबतीत होणाऱ्या चुका

जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, हा समज चुकीचा आहे. ५ किंवा ६ क्रमांकाच्या नोझलला मिनिटाला ७ ते १० लिटर आर्गॉन सामान्यतः पुरतो. प्रवाह त्यापेक्षा बराच वाढवला की नोझलच्या तोंडाशी भोवरे तयार होतात आणि तेच बाहेरची हवा आत ओढतात. खर्चाचा हिशेबही पाहावा. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटर वापरल्यास तो साधारण साडेचौदा तास पुरतो आणि १५ लिटर वापरल्यास आठ तासांच्या आतच संपतो. सिलिंडर भरून आणण्यासाठी ज्यांना जिल्ह्याच्या गावापर्यंत गाडी करावी लागते, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

प्रवाह बरोबर असूनही टाका खराब येत असेल, तर हवा कोठून शिरते ते शोधावे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो मागच्या टोपीच्या, म्हणजे बॅक कॅपच्या, ओ-रिंगमध्ये, म्हणजे रबरी कडीत. ती वाळून चिरते किंवा टोपी अर्धवटच फिरवलेली असते. त्यानंतर पाहावे ते टॉर्चचे डोके आणि नोझल यांच्यामधील पांढरे, विजेला अडवणारे कडे (इन्सुलेटर). भाग बदलताना ते हरवते, टॉर्च त्याच्याविनाही जोडता येते, आणि मग महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. गॅसची नळी तुटली म्हणून तिच्या जागी फवारणी पंपाची नळी लावलेली मी पाहिली आहे. ती वेल्डिंगच्या गॅससाठी बनवलेली नसते आणि तिच्यात राहिलेली ओल व औषधाचे अंश थेट आर्कमध्ये येतात. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, ज्योत लावून गळती कधीही तपासू नये. आर्गॉन पेटत नाही, त्यामुळे ज्योतीने काहीच कळत नाही आणि शेजारी पेटणाऱ्या गॅसचा दुसरा सिलिंडर असेल तर जीवाशी गाठ पडते.

मिग मशीनसाठी, म्हणजे तार सोडत वेल्डिंग करणाऱ्या मशीनसाठी, आणलेला आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस टिगला चालत नाही. टंगस्टन काही सेकंदांत जळून काळे पडते. टिगला शुद्ध आर्गॉनच लागतो आणि रेग्युलेटरही आर्गॉनचा, प्रवाह दाखवणारी काचेची नळी सरळ उभी राहील असा बसवलेला असावा, कारण ती तिरपी असली तर आतली गोळी चुकीचा आकडा दाखवते. रेग्युलेटर बसवण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून धूळ उडवून द्यावी, स्वतः बाजूला उभे राहावे, आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला असावा. टॉर्च सिलिंडरवर टांगून ठेवण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे. ती आजच बंद करावी, कारण सिलिंडरवर आर्क पडला तर त्याचे पोलाद त्या जागी कमकुवत होते.

आर्क थांबल्यानंतरचा गॅस वाचवण्याचा मोहही महागात पडतो. दर १० अँपिअरला सुमारे एक सेकंद आणि कमीत कमी आठ-दहा सेकंद गॅस चालू राहिला पाहिजे, आणि तेवढा वेळ टॉर्च टाक्यावरच स्थिर धरली पाहिजे. टंगस्टन निळे-काळे पडत असेल तर बहुधा येथेच चूक होत आहे.

वीज आणि जोडणी

टॉर्च ऋण टोकाला आणि अर्थिंगचा क्लँप धन टोकाला, ही स्टेनलेस व लोखंडासाठीची जोडणी आहे. रॉड वेल्डिंगवरून टिगवर आलेले कारागीर सवयीने उलट जोडतात; मग बहुतांश उष्णता टंगस्टनवर येते, त्याचे टोक वितळून गोळा बनतो आणि टॉर्च झपाट्याने तापते. प्लग आत घालून घट्ट पिळून बसवावा. सैल प्लग गरम होतो, आणि ती उष्णता टॉर्चची समजून माणूस भलतीकडेच शोध घेतो.

हँडलवर गॅस उघडण्या-बंद करण्याची चकती असलेल्या आणि बटण नसलेल्या टॉर्चबाबत एक गोष्ट नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी. मशीन चालू असेपर्यंत तिचे टंगस्टन जिवंत असते. ती लोखंडी टेबलावर ठेवली की आर्क पेटतो, आणि घामाने भिजलेल्या हाताने टंगस्टन बदलायला गेले की झटका बसतो. भाग बदलण्यापूर्वी मशीन बंद करावे आणि टॉर्चसाठी लाकडी किंवा फायबरची खुंटी करावी. मे महिन्यात घाम आणि जुलैत ओली काळी माती, म्हणजे आपल्याकडे झटक्याची शक्यता वर्षातील बराच काळ असते; चपला घालून, उघड्या अंगाने काम करणाऱ्याला मी टॉर्च देत नाही. कोरडे बूट, कोरडे चामड्याचे हातमोजे आणि पायाखाली कोरडी फळी एवढे तरी हवे.

ट्रॅक्टरवर किंवा थ्रेशरवर काम करताना क्लँप टाक्याच्या जवळ, रंग खरवडलेल्या जागी लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीची दोन्ही टोके आधी सोडावीत. हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवणारे मशीन असेल तर हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या जागेपासून दूर ठेवावे.

टंगस्टनविषयी थोडक्यात सांगतो. १७ आकाराच्या टॉर्चमधील बहुतेक कामांना १.६ मिलिमीटर जाडी योग्य आहे. टंगस्टन धरून ठेवणारे कोलेट त्याच मापाचे हवे, मोठ्या कोलेटमध्ये ते सैल राहून तापते. घासताना रेषा लांबीच्या दिशेने पडाव्यात. टोक टाक्याला चिकटले तर तेवढा भाग तोडून पुन्हा घासावे. लाल रंगाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असते आणि घासताना उडणारी धूळ श्वासात जाते, म्हणून मी राखाडी किंवा निळ्या रंगाचेच वापरतो.

शरीराला आणि परिसराला असलेले धोके

टिगमध्ये धूर कमी दिसतो, म्हणून धोका कमी वाटतो. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमची घातक संयुगे असतात आणि जीआय पाइपवरील जस्त जळाले तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. ते जस्त टाक्याच्या दोन्ही बाजूंना आधी घासून काढावे. क्लोरिनयुक्त द्रावणाने, उदाहरणार्थ काही ब्रेक क्लीनरने, पुसलेला भाग पूर्ण सुकल्याशिवाय आर्कजवळ आणू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डिझेलचा, कीटकनाशकाचा किंवा आत काय होते हे माहीत नसलेला बंद ड्रम, आणणारा कितीही ओळखीचा असला तरी, परत पाठवावा.

विहिरीत किंवा खोल टाकीत उतरून टिग करताना आर्गॉन तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि प्राणवायू कमी झाल्याची जाणीव होण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. आत पंख्याने ताजी हवा सोडावी, वर एक माणूस दोरीसह सतत उभा असावा, आणि तो माणूस घाबरून स्वतः खाली उतरणार नाही हे आधी ठरवून घ्यावे. जेवायला वर येताना टॉर्च आत सोडून येऊ नये, कारण किंचित उघडी राहिलेली चकती तासाभरात तळ भरून टाकते.

आर्गॉनचा आर्क अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात फेकतो. १०० अँपिअरच्या आसपास १० क्रमांकाची काच वापरावी आणि आपोआप काळे होणारे हेल्मेट कमी करंटवर वेळेत काळे होते का, हे आधी तपासावे. स्वस्त हेल्मेट पातळ पत्र्याच्या कामात मध्येच उघडे पडतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले तर बटाटा, दूध असले घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

दिवाळीनंतर अंगणात कापूस, आणि त्याच्या शेजारी कुटार व तुराट्या असतात. टिगमध्ये ठिणग्या कमी उडतात हे खरे, पण त्याआधी चालवलेल्या ग्राइंडरच्या ठिणग्या दूरवर जातात आणि कापूस आतल्या आत, धूर न दाखवता बराच वेळ धुमसतो. काम अशा जागी करायचेच असेल तर आधी तो माल हलवून घ्यावा, पाण्याचे ड्रम आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवाव्यात, आणि मशीन बंद केल्यानंतर किमान एक तास एका माणसाला तेथेच बसवावे.