छेद असलेली एकसामयिक समीकरणे लोप पद्धतीने कशी सोडवावीत

दहावीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. साधी समीकरणं पोरं पटापट सोडवतात, अपूर्णांक दिसला की हात थांबतो. खरं तर आपल्या मराठवाड्यात अपूर्णांक घरोघरी बोलला जातो. शेत बटईनं द्यायचं असो की भावाभावांत वाटणी असो, निम्मं, तिसरा हिस्सा, चौथाई हे शब्द शाळेत न गेलेल्या आजीच्याही तोंडी असतात. म्हणून उदाहरण शेतातलंच घेऊ.

थोरल्या भावानं आपल्या निम्म्या शेतात आणि धाकट्यानं आपल्या तिसऱ्या हिश्श्यात सोयाबीन पेरलं. दोघांचं मिळून ७ एकर झालं. तूर थोरल्याच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि धाकट्याच्या चौथाईत, ती ५ एकर. मग कोणाचं शेत किती? थोरल्याचं क्ष एकर, धाकट्याचं य एकर धरू.

क्ष/२ + य/३ = ७ … (१)
क्ष/३ + य/४ = ५ … (२)

लगेच लोप करायला, म्हणजे एक चल घालवायला, जाऊ नका, आधी छेद घालवा. (१) मधले छेद २ आणि ३, त्यांचा लसावि ६. मग प्रत्येक पदाला ६ ने गुणायचं, उजवीकडच्या ७ लासुद्धा. तो ७ तसाच राहून गेलेला मी कितीतरी वह्यांत पाहिलाय. (२) मध्ये छेद ३ आणि ४, लसावि १२.

३क्ष + २य = ४२ … (३)
४क्ष + ३य = ६० … (४)

एका समीकरणाला ६ ने आणि दुसऱ्याला १२ ने गुणलं तर चालतं का, असं पोरं हमखास विचारतात. चालतं. दोन्ही समीकरणं स्वतंत्र आहेत, ज्याचा लसावि त्याला. दोन्हीला १२ ने गुणलं तरी चूक नाही, पण आकडे उगाच वाढतात.

आता लोप. य चे सहगुणक २ आणि ३ आहेत, ते सारखे करू. (३) ला ३ ने आणि (४) ला २ ने गुणा:

९क्ष + ६य = १२६
८क्ष + ६य = १२०

वरच्यातून खालचं वजा केलं की य गेला आणि क्ष = ६ उरला. ही किंमत (३) मध्ये ठेवा: १८ + २य = ४२, म्हणून य = १२. थोरल्याचं शेत ६ एकर, धाकट्याचं १२.

ताळा मात्र (१) आणि (२) मध्येच करायचा. छेद घालवताना चूक झाली असेल तर ती (३) आणि (४) मध्येही बसलेली असते, तिथं ती पकडली जात नाही. ६/२ + १२/३ = ३ + ४ = ७. ६/३ + १२/४ = २ + ३ = ५. जमलं. रब्बीच्या ज्वारीला थोरल्याकडे १ एकर उरलं, धाकट्याकडे ५.

गुण सगळ्यात जास्त जातात ते अशा ठिकाणी:

क्ष/२ − (य − १)/३ = २

६ ने गुणल्यावर पोरं ३क्ष − २य − २ = १२ लिहून मोकळी होतात. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंच काम करते. पुस्तकात अंशाला कंस छापलेला नसला तरी गुणताना तो स्वतः घाला:

३क्ष − २(य − १) = १२
३क्ष − २य + २ = १२
३क्ष − २य = १०

वजाचं चिन्ह कंसातल्या दोन्ही पदांवर गेलं, म्हणून +२ आलं. ही एक ओळ वाचवण्याच्या नादात अख्खं गणित जातं, ती लिहाच.

कधी चलच छेदात येतात: २/क्ष + ३/य = २ आणि ४/क्ष − ३/य = १. इथं लसावि काढू नका, क्ष × य असं पद येऊन गुंता होईल. १/क्ष = म आणि १/य = न धरा:

२म + ३न = २
४म − ३न = १

बेरीज केली की ६म = ३, म्हणजे म = १/२. मग ३न = १, न = १/३. पण उत्तर म आणि न नव्हे. ते उलटे करा: क्ष = २, य = ३.